डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नव्हे

प्रश्नकर्त्याने तीन जोड्या विचारल्या आहेत: इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल, हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड. शिवाय ‘या प्रस्तावात आम्हाला रस नाही’ असे पत्रात कळवायचे तर शेवटच्या जोडीतला कोणता शब्द घ्यावा, अशीही पृच्छा आहे.

पहिल्या दोन जोड्यांत फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. अर्थव्यवस्थेशी संबंधित ते इकॉनॉमिक, काटकसरीचे ते इकॉनॉमिकल. इतिहासाने दखल घ्यावी असे ते हिस्टॉरिक, नुसते इतिहासातले ते हिस्टॉरिकल. आपण दोन्हींना ‘ऐतिहासिक’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे गोंधळ उडतो. बाकी कोणताही बरा कोश सांगेल.

तिसऱ्या जोडीकडे येऊ. क्रिकेटचे समालोचन ऐकताना ‘फलंदाज डिसइंटरेस्टेड दिसतोय’ हे वाक्य आले की माझा तोल जातो. मैदानावर डिसइंटरेस्टेड असायला हवेत ते पंच! कोण जिंकतो, कोण हरतो याच्याशी ज्याचा हितसंबंध नाही, तो डिसइंटरेस्टेड. समोर काय चालले आहे याकडे ज्याचे लक्षच नाही, तो अनइंटरेस्टेड. पंच अनइंटरेस्टेड निघाला तर सामन्याचे वाटोळे ठरलेलेच. न्यायाधीश, परीक्षक, लवाद यांच्याकडून पहिल्या गुणाची अपेक्षा असते आणि दुसऱ्याची भीती. (पत्रात मात्र यांपैकी काहीच लिहू नका. ‘नॉट इंटरेस्टेड’ लिहा. अनइंटरेस्टेड त्या जागी तुसडे वाटते.)

आता काही व्याकरणप्रेमी हा फरक उपसर्गांवरून समजावतात. अनआर्म्ड म्हणजे ज्याच्याकडे शस्त्र नाही तो, डिसआर्म्ड म्हणजे ज्याचे शस्त्र काढून घेतले तो. अनक्वालिफाइड म्हणजे पात्रता नसलेला, डिसक्वालिफाइड म्हणजे अपात्र ठरवलेला. छान. पण हाच नियम इथे लावला तर डिसइंटरेस्टेड म्हणजे ‘आधी रस होता, आता उडाला’ असा अर्थ निघतो, म्हणजे समालोचकच बरोबर ठरतो! उपसर्गाची किल्ली या कुलपाला लागत नाही. गोम ‘इंटरेस्ट’मध्ये आहे.

दुसऱ्या बाजूने मंडळी ऑक्सफर्डचा मोठा कोश अंगावर टाकतात. त्यात इंग्रज कवी जॉन डनचा दाखला आहे. डन 1631 साली वारला आणि त्याने डिसइंटरेस्टेड ‘आस्था नसलेला’ याच अर्थाने वापरला होता. ‘निःपक्ष’ हा अर्थ त्यानंतर काही वर्षांनी नोंदलेला सापडतो. उलट अनइंटरेस्टेड सतराव्या शतकात ‘निःपक्ष’ होता आणि अठराव्यात ‘बेफिकीर’ झाला. म्हणजे दोघांनी जागा बदलल्या. दाखला खरा आहे, मला तो मान्यच आहे. पण त्यावरून ‘काहीही चालते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक करून दाखवावे. नाइस या शब्दाचा जुना अर्थ ‘मूर्ख’ असा होता, तेव्हा यजमानीणबाईंना त्या अर्थाने नाइस म्हणून पाहावे. जागा बदलून झाल्यावर शब्द स्थिरावले, आणि दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द मिळाले. ही सोय फुकट का घालवायची?

पण खरी मौज इंटरेस्टची आहे. लॅटिनमध्ये ‘इंतेर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. दोन्ही मिळून ‘इंतेरेस्से’, मध्ये असणे. यातला इंतेर हा आपल्या ‘अंतर्’चा सख्खा भाऊ, आणि एस्से हा संस्कृत ‘अस्’ धातूचा. रोमन कायद्यात नुकसानभरपाई मोजताना ‘जे मध्ये आहे ते’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग करत. ऋणकोने वेळेवर पैसे दिले असते तर धनकोची जी स्थिती असती आणि आज प्रत्यक्षात जी आहे, त्या दोहोंत जे अंतर पडले, ते भरून द्यायचे. मराठीत याला ‘अंतर’ म्हणण्यावाचून दुसरा शब्द सुचतच नाही!

पुढे चर्चने व्याजखोरीवर बंदी घातली. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने तर उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफनही नाकारले. पैशाच्या वापराबद्दल जास्तीचे पैसे घेणे, म्हणजे ‘उसुरा’, हे पाप. इंग्रजीतला युझरी तो हाच. पण परतफेड लांबल्यामुळे झालेल्या तोट्याची भरपाई, म्हणजे इंटरेस्ट, घ्यायला हरकत नव्हती. मग काय, सगळ्यांचीच परतफेड लांबू लागली. फ्रेंच कायद्यात नुकसानभरपाईच्या नावात ‘इंतेरे’ अजून टिकून आहे. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने 1545 मध्ये दहा टक्क्यांपर्यंत व्याज घ्यायला परवानगी दिली, 1552 मध्ये ती गेली, 1571 मध्ये परत आली. व्यवहारात ज्याचे काही अडकले आहे तो इंटरेस्टेड, आणि ज्याचे काहीच अडकलेले नाही तो डिसइंटरेस्टेड. मनाची गुंतवणूक, म्हणजे आपण ‘रस’ म्हणतो तो अर्थ, यातूनच फुटलेली फांदी.

आता माझा लाडका सिद्धान्त. संस्कृतात कर्जावरच्या वाढीला ‘वृद्धी’ म्हणतात, धंद्याला ‘कुसीद’. ‘व्याज’ म्हणजे सबब, मिष, कपट. व्याजस्तुती, व्याजोक्ती हे अलंकार त्यातलेच. मग मराठीत, हिंदीत, गुजरातीत पैशांवरच्या वाढीला ‘सबब’ का म्हणतात? माझे म्हणणे असे की युरोपात जे इंटरेस्टने केले तेच इथे व्याजाने केले: घ्यायचे ते घेतले, नाव दुसरे दिले.

यावर एक विद्वान आक्षेप येतो की इथे बंदीच नव्हती, मनुस्मृतीत तर दरमहा ऐंशीव्या हिश्श्याचा दरही दिला आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी आठव्या अध्यायावर पुस्तक मिटलेले असते. दहाव्यात स्पष्ट म्हटले आहे की ब्राह्मणाने आणि क्षत्रियाने वृद्धीवर पैसे लावू नयेत. आणि लगेच पुढच्या ओळीत पळवाट आहे: धर्मकार्यासाठी, अल्प दराने, पापी माणसाला द्यायचे असतील तर द्यावेत! याला सबब नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे? ज्यांना वृद्धी वर्ज्य होती त्यांनी व्याज घेतले, इतके माझ्यापुरते पक्के आहे.

आणि या न्यायाने ‘निर्व्याज’ हा शब्द डिसइंटरेस्टेडच्या सगळ्यात जवळ बसतो. आतला हेतू नसलेले, आडपडदा नसलेले, ते निर्व्याज. निर्व्याज प्रेम म्हणतो ते याच अर्थाने. तेव्हा बिनव्याजी कर्जाला ‘निर्व्याज कर्ज’ लिहिणाऱ्यांनी थांबावे. व्याज घेत नाही एवढ्यावरून कर्ज देणाऱ्याच्या मनात काही नाही, असे सिद्ध होत नाही.