बर्मिंगहॅमची सोनारपेठ: उत्सवाने व्यवसाय जगतो का?

प्रश्न : मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो असता ‘ज्वेलरी क्वार्टर’ या जुन्या भागात दोनतीनदा फेरफटका झाला. डागडुजी केलेल्या विटांच्या इमारती, माहितीफलक, उत्सवाच्या जाहिराती आणि उपाहारगृहांतील गर्दी पाहून आनंद झाला, पण एक शंकाही आली. तेथे दागिने खरोखर घडतात, की घडत होते या आठवणीवरच सारे चालले आहे? अशा उत्सवांनी जुनी पेठ सावरते का, आणि त्यांचा खर्च कोण करतो?

उत्तर : दागिने तेथे आजही घडतात, आणि ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या दागिन्यांपैकी सुमारे ४० टक्के याच भागातून बाहेर पडतात, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. या भागाचे खरे बळ मात्र आकड्यात नसून कामाच्या विभागणीत आहे. एकाने साच्यात पत्रा ठोकायचा, दुसऱ्याने डाग देऊन सांधे जोडायचे, तिसऱ्याने खडे बसवायचे आणि चौथ्याने झिलई करायची, अशा रीतीने एकच अंगठी तयार होईपर्यंत अनेक उंबरठे ओलांडत असे. त्यामुळे सारे कारागीर एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही या व्यवसायाची गरजच होती. शुद्धतेची छापही तेथेच मिळते. तेथील कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांच्या खटपटीमुळे १७७३ मध्ये संसदेने कायदा करून बर्मिंगहॅमला धातुपरीक्षेचे कार्यालय दिले. तोवर चांदीचा माल तपासणीसाठी चेस्टर किंवा लंडनला पाठवावा लागे. समुद्रापासून इतक्या दूरच्या या शहराची हॉलमार्कची खूण नांगर आहे, ही त्यातली गंमत.

अशा साखळीतील एक कडी निखळली, म्हणजे एखादा झिलईवाला भाडे परवडेना म्हणून उपनगरात गेला, की उरलेल्या सगळ्यांचे काम अडते. हे तेथे घडून गेले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारणेच्या नावाखाली काही जुन्या कार्यशाळा पाडण्यात आल्या आणि सोनारांसाठी म्हणून हॉकली सेंटर ही बहुमजली इमारत उभी राहिली. पण तिचे भाडे अनेक छोट्या कारागिरांच्या आवाक्याबाहेरचे ठरले. आज ‘बिग पेग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या इमारतीत इतर अनेक व्यवसाय नांदत आहेत.

म्हणून माझ्या मते या पेठेला उत्सवांपेक्षा जास्त आधार दिला तो एका रुक्ष नियमाने. २००२ च्या संवर्धन आराखड्यात महापालिकेने असे ठरवले, की पेठेच्या मधल्या, अजून उद्योग टिकून असलेल्या पट्ट्यात नव्या निवासी वापरास सामान्यतः परवानगी देऊ नये. यामागील हिशेब सरळ आहे. सदनिकांपासून मिळणारे उत्पन्न कार्यशाळेच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे घरमालक कारागिराचा करार पुन्हा करायला तयार होत नाही, आणि कारागीर कसाबसा टिकलाच, तरी वरच्या मजल्यावर राहायला आलेला भाडेकरू खालच्या ठोक्यांबद्दल तक्रार करतो. भाग आकर्षक झाला की हा दबाव वाढतो, आणि उत्सव तर भाग आकर्षक करण्यासाठीच असतात. नियमाचे कुंपण नसेल, तर पेठेच्या प्रसिद्धीसाठी केलेला खर्चच कारागिराला बाहेर काढतो.

आता खर्चाविषयी. तेथे २०१२ पासून ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’ ही व्यवस्था आहे. इंग्लंडमधील कायद्यानुसार परिसरातील व्यावसायिक मतदान करतात. मतदान करणाऱ्यांची बहुसंख्या आणि त्यांच्या जागांच्या करपात्र मूल्याची बहुसंख्या अशा दोन्ही कसोट्यांवर प्रस्ताव उतरला, तरच जादा आकारणी लागू होते, आणि ती फार तर ५ वर्षांसाठी. पुढे पुन्हा मतदान घ्यावे लागते. स्वच्छता, सुरक्षा, प्रसिद्धी आणि कार्यक्रम यांवर हा पैसा खर्च होतो. विरोधात मत दिलेल्यालाही तो भरावा लागत असल्यामुळे ‘उत्सवातून मला काय मिळाले?’ असे तो उघड विचारू शकतो.

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की गर्दीचा पहिला लाभ उपाहारगृहांना होतो, दुसरा किरकोळ दुकानांना आणि कार्यशाळेला सर्वांत शेवटी. सोने घेऊन बसलेल्या कारागिराला दारात गर्दी नकोच असते. घंटा वाजवल्याशिवाय दार न उघडणे हा त्याचा शिरस्ता आहे. त्याच्या उपयोगाचा कार्यक्रम निराळा असतो: आगाऊ नाव नोंदवून आलेल्या दहाजणांना कामाच्या मेजापाशी उभे करावे, जुना दागिना दुरुस्तीला किंवा नवा घडवायला देण्याची सोय तेथेच ठेवावी आणि १८९० मध्ये येथील व्हिटोरिया स्ट्रीटवर आलेल्या दागिने शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांना कारागिरांशी जोडून द्यावे. उत्सवातील वाद्यवृंदाला माझी हरकत नाही. पण केवळ त्याच्यासाठी आलेला माणूस अंगठी घडवायला टाकत नाही.

प्रश्न : त्याच भागातील दोन जुन्या दफनभूमींच्या दुरुस्तीसाठी लॉटरीच्या वारसा निधीतून पैसा देण्यात आला. व्यापाराशी त्याचा संबंध काय?

उत्तर : थेट संबंध नाही. मात्र इतक्या दाट वस्तीत मोकळी हिरवी जागा तेवढीच आहे. की हिल ही दफनभूमी १८३६ ची आणि वॉरस्टोन लेनची १८४८ ची. पहिलीत शहराचे एकेकाळचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांची कबर आहे, तर दुसरीच्या भुयारात छपाईसाठी घडवलेल्या आपल्या अक्षरवळणांमुळे अजून ओळखले जाणारे मुद्रक जॉन बास्करव्हिल विसावले आहेत. मार्गदर्शकासह फिरणाऱ्याला तासभर गुंतवून ठेवण्याइतका ऐवज तेथे आहे.

प्रश्न : पुन्हा जाण्याचा योग आला, तर काय पाहावे?

उत्तर : स्मिथ अँड पेपर या दागिन्यांच्या कारखान्याने १९८१ मध्ये काम थांबवले, तेव्हा अवजारे आणि चहाचे कपसुद्धा जागच्या जागी राहिले, आणि १९९२ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. मेजाखाली सोन्याचा कीस झेलणारी चामडी झोळी तेथे जरूर पाहावी. सोनाराच्या केरातून सोने वेचणाऱ्या झारेकऱ्याचे काम ठाऊक असलेल्याला तिचे मोल सांगावे लागणार नाही. शवपेट्यांच्या कड्या आणि मुठी बनवणाऱ्या न्यूमन ब्रदर्सचा १८९४ चा कारखानाही २०१४ पासून पाहता येतो. निघण्यापूर्वी दोन्हींच्या वेळा तपासून घ्याव्यात. सप्टेंबरातील ‘हेरिटेज ओपन डेज’ च्या सुमारास गेल्यास एरवी बंद असणाऱ्या काही इमारतीही विनामूल्य पाहायला मिळू शकतात. मात्र एक दिवस तरी आठवड्याच्या मधला ठेवावा, कारण शनिवार-रविवारी दुकाने उघडी असली, तरी ठोक्यांचा आवाज सहसा कानी पडत नाही.