सोलापुरात जी प्लस फोर बांधणाऱ्या छोट्या फर्मने बीआयएम घ्यावं का?

वडिलांची ठेकेदारी, चार मजल्यांची अपार्टमेंट, हाताखाली एक साइट इंजिनिअर. अशा फर्मला बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग परवडेल का, आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. परवडेल. फक्त सॉफ्टवेअर विकणारे सांगतात त्या क्रमाने जाऊ नका. मी इथेच सोलापुरात आर्किटेक्ट आणि ठेकेदारांना मॉडेल करून देतो, त्यामुळे तुमच्या मापाच्या कामांबद्दलच बोलतो.

बीआयएममध्ये इमारतीचं थ्रीडी मॉडेल कॉम्प्युटरवर तयार होतं, आणि त्यातल्या भिंतीला तिची जाडी, माल, मजला सगळं चिकटलेलं असतं. एक खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन आणि क्वांटिटी तिन्हीकडे आपोआप बदल होतो. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना बीआयएम सक्तीचं केलं. आपल्याकडे नागपूर मेट्रोने त्याला वेळापत्रक आणि खर्चही जोडला. हे ऐकलं की मेट्रोशी आपला काय संबंध, असं वाटतं. आपला संबंध संडासाच्या पाइपाशी आहे.

होटगी रोडकडची एक साइट सांगतो. पार्किंगमध्ये गाडी नीट वळावी म्हणून डक्ट, म्हणजे पाइप खाली नेण्याची उभी पोकळी, दीड फूट सरकवला. सुधारित प्लॅन ठेकेदाराला मिळाला, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जुनाच राहिला. स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं, प्लंबर ११० मिलिमीटरचा पाइप घेऊन आला आणि समोर बीम. तीन मीटर लांबीला चाळीसास एक उतार द्यायचा तर पाइप ७५ मिलिमीटर खाली उतरतो. पाइपाची स्वतःची जाडी धरली की १८५ झाले. संक स्लॅबमध्ये, म्हणजे संडास-बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमध्ये, तेवढी जागा होती, पण डक्टच्या तोंडाशीच बीम आडवा. मग ब्रेकर चालला आणि बीमच्या दोन रिंगा, म्हणजे सळयांना घट्ट धरणाऱ्या कड्या, कापल्या गेल्या. वरून सिमेंट फासलं की कुणाला दिसत नाही. ज्याने वीस वर्षांचं कर्ज काढून तो फ्लॅट घेतला, तो मात्र त्याच बीमखाली झोपणार. मला या धंद्यात सगळ्यात जास्त चीड याचीच येते, कारण दोन्ही ड्रॉइंग एका मॉडेलमध्ये आली असती तर ही टक्कर सेंट्रिंग ठोकण्याआधीच दिसली असती आणि पाइपासाठी बीममध्ये आधीच स्लीव्ह (नळकांडं) टाकून विषय मिटला असता.

आपल्याकडे हमखास अडणारी दुसरी जागा म्हणजे जमिनीखालची टाकी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी मोठीच हवी असते. ती पार्किंगमध्ये दोन कॉलमच्या मध्ये बसवायला गेलं की कॉलमचा पाया, म्हणजे फुटिंग, टाकीच्या भिंतीत येतं. हेही मॉडेलमध्ये आधी कळतं. खोदाईचा आकडा मात्र मॉडेलवरून धरू नका. काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो, हे ट्रायल खड्डा घेतल्यावरच समजतं.

क्वांटिटीबद्दल जरा सावध राहा, कारण पहिलं भांडण इथेच होतं. मॉडेल प्लास्टरचं निव्वळ क्षेत्रफळ देतं, सगळी दारं-खिडक्या वजा करून. आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाप्रमाणे मोजणी केली तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची वजावट होत नाही, आणि अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची होते. प्लास्टरवाल्याचं बिल आणि तुमचा आकडा जुळणार नाही, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असाल. म्हणून कामाला लावतानाच मोजणीची पद्धत लेखी ठरवा. घनमीटरचे ब्रास करताना १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर धरा. स्टीलसाठी बीबीएस, म्हणजे सळयांच्या कापणी-वाकवणीचा तक्ता, वेगळंच करून घ्या. सुरुवातीला मॉडेलमध्ये सळई टाकत बसलात तर मॉडेल कधी पुरंच होणार नाही.

लगेच लायसन्स विकत घेऊ नका. पहिलं मॉडेल बाहेरून करून घ्या आणि ते आयएफसी या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या फॉरमॅटमध्येही मागा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी ते तुमच्या हातात राहील. मॉडेल पाहण्यासाठी नेव्हिसवर्क्स फ्रीडम फुकट मिळतं, मात्र त्यात आयएफसी नाही, एनडब्ल्यूडी फाइल उघडते. पुढे मॉडेल करायला रेव्हिट हे सॉफ्टवेअर घेतलंत तर व्हर्जन सगळ्यांचं एकच ठेवा. नव्या व्हर्जनची फाइल जुन्यात उघडत नाही आणि मग स्ट्रक्चरलवाला पुन्हा पीडीएफवर येतो.

दर स्लॅबआधी अर्धा तास प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि मुकादमाला स्क्रीनसमोर बसवा. मॉडेलरला उतार दाखवता येतो, पण तिथे पान्याला हात घालायला जागा राहते का, हे प्लंबरच सांगतो. तो सांगेल तो बदल त्याच दिवशी मॉडेलमध्ये करायचा आणि त्यातूनच नवं ड्रॉइंग काढायचं. साइटवर जुनी प्रिंट दिसली तर ती काढून घ्यायची, मग ती वडिलांच्या हातात का असेना.

आणि चालू साइटवर हा प्रयोग करू नका. प्लिंथ झाली असेल तर निम्मे निर्णय होऊन गेलेले असतात. ज्या कामाचा नकाशा अजून महापालिकेत मंजुरीला जायचा आहे, ते घ्या. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघांकडून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ ड्रॉइंग फाइल, देण्याचं फी ठरवतानाच कबूल करून घ्या. नंतर मागितली की फक्त पीडीएफ मिळते.