मला स्वतःला जेमतेम पोहता येतं. शाळेने तिसरीच्या मुलांना महिन्याभरात पोहायला शिकवायला सांगितलंय. कसं शिकवू?

शिकवू शकाल. मीही नागपुरात प्राथमिकला मराठी आणि परिसर अभ्यास शिकवते. एका एप्रिलमध्ये असंच बावीस मुलांचं काम माझ्याकडे आलं, सकाळी साडेसहाची बॅच.

त्यात एक मुलगा होता. पहिले आठ दिवस त्याने कठड्याची नळी सोडली नाही. बोटांची पेरं पांढरी पडायची. आमचे खेळाचे सर म्हणाले, "ढकलून द्या मॅडम, पोट्टं आपोआप हात मारते." मी त्यांना सगळ्यांसमोर नाही म्हटलं आणि आमचं वाजलं.

कारण मी सात वर्षांची असताना काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत काकांनी मला असंच टाकलं होतं. कमरेला दोर होता, मेले नाही. पण त्यानंतर तेवीस वर्षं मी गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. घाबरलेलं मूल दम रोखतं, अंग ताठ करतं, डोकं वर काढतं. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात. याला शिकवणं म्हणायचं?

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की गरम चहावर मारतो तशी पाण्यावर फुंकर मार. मग ओठ पाण्यात ठेवून. मग नाक. नवव्या दिवशी तो तोंड आत घालून बुडबुडे सोडत वर आला आणि ओरडला, "मॅडम, तुमची जोडवी दिसली!" त्या दिवशी त्याने नळी आपणहून सोडली.

तर क्रम हाच ठेवा: आधी पाण्यात श्वास सोडणं, मग छाती भरून उताणं तरंगणं, मग कठड्याला पाय लावून सरकत जाणं. पाय मारणं त्यानंतर. हात कसे फिरवायचे ते प्रशिक्षकाला शिकवू द्या, ते तुमचं काम नाही. महिन्याभरात किती मीटर पोहतील, हे पालक विचारतील. विचारू द्या. आपल्याकडे दर पावसाळ्यात तलावात, नदीत, धरणात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. उताणं पडून श्वास घेत राहता येणं मला पंचवीस मीटरपेक्षा मोलाचं वाटतं.

दंडाला बांधायचे फुगे वापरू नका. ते काढले की मुलाला वाटतं आपण अजूनही तरंगतोय.

हे आधीच लिहायला हवं होतं: जीवरक्षक काठावर नसेल तर एकही मूल पाण्यात उतरवू नका, मुख्याध्यापक काहीही म्हणोत. पाणी मुलांच्या छातीच्या वर नको. एका वेळी पाण्यात सहाच, बाकीचे काठावर बसून पाय हलवतील. सारखी डोकी मोजत राहा, कारण बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. कुणी अडचणीत दिसलं तर स्वतः उडी मारू नका, बांबू किंवा दोर पुढे करा. फिट येणारं किंवा कान वाहणारं मूल असेल तर पालकांकडून डॉक्टरांचं लेखी आणा.

काका आजही म्हणतात, "ढकललं म्हणूनच तू धीट झाली." मी तिसाव्या वर्षी पोहायला शिकले, काका, आणि तेही एका बाईने माझा हात धरून शिकवलं.