एकाच सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रावर आधी कोणते काम लावावे?
साकीनाक्याच्या गाळ्यात यंत्र एकच आणि ऑर्डरी अनेक असतील तर क्रम कसा लावावा, असे आपण विचारले आहे. सगळा माल हाताशी असल्यास, ज्याची मुदत आधी त्याचे काम आधी, हा संशोधक जॅक्सन यांचा १९५५ चा नियम सर्वांत मोठा उशीर कमीत कमी ठेवतो. उशिरा जाणाऱ्या ऑर्डरींची संख्याच घटवायची असेल, तर संशोधक मूर यांच्या १९६८ च्या पद्धतीप्रमाणे याच क्रमाने कामे मांडत जावे आणि एखादे मुदत चुकवू लागताच तोवर मांडलेल्यांपैकी सर्वांत जास्त वेळ खाणारे काम उचलून शेवटी टाकावे. ते नेमके जुन्या गिऱ्हाइकाचे निघाले तर गणित बाजूला ठेवून त्यांना आधी फोन करावा. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना यंत्राचे सेटिंग बदलण्यातच तास जात असतील, तर मात्र हे दोन्ही नियम अपुरे पडतात. अशा वेळी मुदत सांभाळून एकाच मापाची कामे सलग घ्यावीत.