गाडी डावीकडं ओढते, शोरूम म्हणतं ओके

प्रश्न : सर, मी निपाणीचा. दिवाळीला कोल्हापूरच्या शोरूममधनं साडेनऊ लाखांची नवी गाडी घेतली. पहिल्या महिन्यापासनं स्टीअरिंग डावीकडं ओढतंय आणि खड्ड्यात गेली की पुढनं खडखड. चारदा सर्व्हिसिंगला दिली, दरवेळी अलाइनमेंट करून परत. अमेरिकेतला पुतण्या म्हणतो लेमन लॉ (सदोष गाडीचा कायदा) लावा, नवी गाडी मिळते. आपल्याकडं आहे का तसं?

उत्तर : पुतण्याचं खरंय, पण ते तिथलं. कॅलिफोर्नियात स्टीअरिंगसारखा जिवावर बेतणारा दोष पहिल्या 18 महिन्यांत वा 18,000 मैलांत दोनदा दुरुस्तीला देऊनही गेला नाही, तर कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकतो. आपल्याकडं असा फेऱ्या मोजणारा कायदा नाही, आहे तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, आणि त्यात दोष सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

म्हणून आधी दोष नक्की करा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडं थोडे उतरते असतात, तेव्हा सपाट जागी चालवून बघा. मग पुढची दोन टायरं अदलाबदल करायला सांगा, ओढ उजवीकडं गेली तर दोष टायरचा, तशीच राहिली तर सस्पेन्शन नाहीतर स्टीअरिंग रॅक. खडखडीसाठी मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच खड्ड्यातनं न्या, रॅम्पवर आवाज येत नसतोय.

आणि जॉब कार्ड, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून घेतात तो कागद! 'जनरल चेकअप' लिहिलेल्यावर सही करू नका, 'साठच्या स्पीडला डावीकडं ओढते' असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, अलाइनमेंटची आधीची-नंतरची प्रिंट मागा. मी बघितलेल्या निम्म्या तक्रारी इथंच लंगड्या पडतात.

नंतर डीलर आणि कंपनी दोघांना लेखी नोटीस. केससाठी कोल्हापूरला जायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 50 लाखांपर्यंतची खरेदी तिथंच चालते, तुमच्या रकमेला फी 200 रुपये, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. गाडीची तपासणी करून घ्यायचा अर्ज तिथं नक्की द्या, कारण नवी गाडी किंवा पूर्ण पैसे हवेत तर मूळ बनावटीतच खोट आहे हे दिसायला लागतं, नाहीतर बऱ्याचदा पार्ट बदलून आणि थोडी भरपाई यावर निभावतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघायला हरकत नाही, कधी कधी तेवढ्यानंच शोरूमवाले हलतात.

तोवर बाहेरच्या मिस्त्रीकडनं काही खोलू नका, 'तुम्हीच छेडछाड केली' म्हणायला त्यांना आयतं मिळतं.