मीठ विरघळते की वितळते?

विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत ‘मीठ पाण्यात वितळते’ असे लिहिल्याबद्दल मुलीचा गुण कापला गेला. विरघळणे आणि वितळणे हे समानार्थीच शब्द नव्हेत का, असे एका पालकांनी विचारले आहे. घरोघरी चहातली साखरसुद्धा ‘वितळते’, त्यामुळे शंका रास्त आहे. तरीही गुण कापणे मला योग्य वाटते.

वितळायला पदार्थाला केवळ पुरेशी उष्णता लागते, तर विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, आणि म्हणूनच ‘कशात?’ हा प्रश्न विरघळण्यालाच विचारावा लागतो. (बर्फ पाण्यात वितळतो असे आपण म्हणतो खरे, पण तिथे पाणी फक्त उष्णता पुरवते.) लोणी, मेण, शिसे यांचे वितळणे रोजच्या पाहण्यातले असते, मिठाचे मात्र स्वयंपाकघरात कधीच दिसत नाही. मिठाच्या स्फटिकात सोडिअमचा प्रत्येक धन आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) क्लोराइडच्या सहा ऋण आयनांनी आणि प्रत्येक ऋण आयन सहा धन आयनांनी वेढलेला असतो, आणि ही सगळी बांधणी निव्वळ उष्णतेने मोडायची तर तापमान 801 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. तापल्या तव्यावर खडेमीठ टाकले तर ते तडतडते, वितळत नाही. तेच मीठ साध्या पाण्यात हां हां म्हणता नाहीसे होते, कारण पाण्याचे रेणू एकेका आयनाभोवती गोळा होऊन त्याला स्फटिकातून सोडवून नेतात. 100 ग्रॅम पाण्यात असे सुमारे 36 ग्रॅम मीठ मावते.

जे सहज वितळते ते सहज विरघळते, असेही नाही. सिल्व्हर क्लोराइड 455 अंशांनाच, म्हणजे मिठाच्या कितीतरी आधी वितळते, पण पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे ‘आयनिक संयुगे स्थायू अवस्थेत विजेचे वहन करत नाहीत, वितळलेल्या किंवा विरघळलेल्या अवस्थेत करतात’ या वाक्यातला ‘किंवा’ दोन समानार्थी शब्द जोडत नाही. जागच्या जागी जखडलेले आयन मोकळे करण्याच्या दोन वेगळ्या वाटा तो सांगतो. साखर विरघळली तरी तिचे आयन होत नाहीत, म्हणून तिचे पाणी वीज वाहून नेत नाही.

गोंधळाचा थोडा दोष आपल्या परिभाषेकडेही जातो. ‘द्रवणांक’ हा वितळण्याचा आणि ‘द्रावण’ हे विरघळण्याचे, पण दोन्ही शब्द ‘द्रु’ या एकाच धातूपासून आलेले. साध्या मराठी क्रियापदांनी स्वच्छ वेगळे ठेवलेले अर्थ संस्कृत शब्दांत असे शेजारी येऊन बसले. मन द्रवते, विरघळते, पाघळतेही, आणि तिथे कोणी गुण कापणार नाही. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओलसर होते, तेव्हा मात्र आपण यांपैकी एकही क्रियापद वापरत नाही, ‘मिठाला पाणी सुटले’ म्हणतो. वास्तविक ते पाणी मिठातून सुटत नाही, हवेतून येते, आणि ते ओढून घेण्यात मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडच्या अंशाचा मोठा वाटा असतो.

दोन्ही क्रियापदे एकाच वाक्यात हवी असतील तर हाताने फिरवायचे आइस्क्रीमचे भांडे आठवावे: त्यात मीठ विरघळते म्हणून बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळत राहतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढली जाते.