गेमिंगवर कुणी विनोद केला की गेमर लोक एवढे का पेटतात? थोडी मस्करी सहन होत नाही का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर जिमी किमेलचं, म्हणजे अमेरिकेत टीव्हीवर रात्रीचा गप्पांचा शो करणाऱ्या विनोदवीराचं, उदाहरण दिलंय आणि खाली हळूच जोडलंय की घरी तसाच एक जोक तुम्ही केलात आणि धाकटा भाऊ चार दिवस बोलत नाहीये. म्हणजे खरा प्रश्न खालचा आहे. तरी वरच्यापासून सुरू करतो, कारण त्या प्रकरणात मी होतो. होतो म्हणजे, शिव्या घालणाऱ्यांत होतो.

२०१५ चा ऑगस्ट. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. २६ तारखेला यूट्यूबने ‘यूट्यूब गेमिंग’ सुरू केलं, लोक गेम खेळतात ते बघायची वेगळी जागा. त्याच्या वर्षभर आधी अॅमेझॉनने ट्विच ही तसलीच साइट ९७ कोटी डॉलर मोजून घेतली होती, म्हणजे दुसऱ्याचा गेम बघत बसणारी आमच्यासारखी रिकामटेकडी जनता जगात किती आहे हे दुकानदारांना कळून चुकलं होतं. किमेलने आपल्या शोमध्ये या नव्या प्रकाराची टर उडवली. विनोदाचा गाभा एवढाच, की दुसऱ्याला गेम खेळताना बघणं म्हणजे हॉटेलात जायचं आणि आपलं ताट दुसऱ्याला खायला द्यायचं.

झालं. व्हिडिओखाली कमेंटांचा पूर आला. मीही रात्री दीड वाजता एक लिहिली. सात-आठ ओळींची, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, त्याच्या वयापासून त्याच्या टायपर्यंत सगळं काढून. तीन लाइक मिळाले, त्यातले दोन आमच्याच खोलीतले. मग लोकांना कमेंटा वाचून दाखवायची किमेलची जुनी खोड आहे, त्याने तेच केलं, आमच्याच शिव्या पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवल्या आणि फुकटात दुसरा विनोद मिळवला. आम्ही चौघं एका लॅपटॉपपुढे बसून तो भाग बघत होतो. माझी कमेंट वाचली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे त्याने मार्किप्लायर आणि मिसेसमे या गेम खेळून दाखवणाऱ्या दोन यूट्यूबरांना बोलावून घेतलं, त्यांच्याबरोबर खेळायला बसला आणि प्रकरण निवलं. तुमच्या वरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. माणूस शेजारी येऊन बसला की राग टिकत नाही.

पण राग का आला, ते सांगायला मला तीन आठवडे मागे जावं लागेल. ९ ऑगस्टची पहाट. सिअॅटलमध्ये डोटा २ ची, म्हणजे पाच-पाच जणांच्या दोन संघांत खेळायच्या ऑनलाइन गेमची, सर्वांत मोठी स्पर्धा, ‘द इंटरनॅशनल’, तिची फायनल चालू होती. एकूण बक्षीस १ कोटी ८४ लाख डॉलर. एका बाजूला अमेरिकेची इव्हिल जीनियसेस ही टीम, दुसऱ्या बाजूला चीनची सीडीईसी, जिचं नाव स्पर्धेआधी कुणी फारसं घेत नव्हतं आणि जी वाइल्डकार्डातून झगडत फायनलला आली होती. आमच्या खोलीत अकरा जण, दोन कॉटवर आणि उरलेले फरशीवर. रेक्टर उठू नये म्हणून आवाज बंद करून बघत होतो. चौथ्या गेममध्ये सीडीईसीची मंडळी रोशनच्या खड्ड्यात एकत्र सापडली. रोशन म्हणजे नकाशातलं सगळ्यात दांडगं जनावर, आणि त्याच्या खड्ड्याला तोंड एकच. वरून इव्हिल जीनियसेसच्या पीपीडीचा आइस ब्लास्ट हा डाव पडला आणि त्यांच्याच युनिव्हर्सच्या अर्थशेकर या पात्राने आत उडी मारून इको स्लॅम हा डाव दिला. गठ्ठ्याने उभे असलेल्यांवर इको स्लॅम जास्त बसतो, आणि ते गठ्ठ्यानेच उभे होते. सामना तिथेच फिरला. जिंकणाऱ्यांना ६६ लाख डॉलर मिळाले. आवाज बंद असताना अकरा माणसं तोंडावर उशी धरून ओरडली. रेक्टर उठलाच.

अशी पहाट काढलेल्या पोराला तीन आठवड्यांत कुणीतरी टायवाला सांगतो की तू हॉटेलात दुसऱ्याला जेवताना बघतोयस. आणि हा टायवाला जगतो कशावर? रात्री साडेअकराला लोक आपल्या घरी बसून दुसऱ्यांच्या गप्पा बघतात, त्यावर.

आता माझं दुखणं. १७ सप्टेंबरला गणपती बसले, मी गावी गेलो. गाव सांगली जिल्ह्यातलं, घर आणि आजोळ दोन गल्ल्यांच्या अंतरावर. आमचे थोरले मामा साखर कारखान्यात टाइमकीपर होते, पण गावात त्यांची ओळख नकलाकार म्हणून. मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन त्यांचंच, मध्ये मध्ये नकला. कीर्तनकाराची, तलाठ्याची, एसटीच्या कंडक्टरची. माणूस खरंच भारी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरं बोलणार नाही.

पहिल्याच रात्री जेवताना मी मूर्खासारखं सगळं किमेल प्रकरण त्यांना सांगितलं. तक्रार म्हणून सांगितलं. मामांनी घास हातात तसाच धरून विचारलं, “काय म्हणाला म्हणलास तो? परत सांग.” मी परत सांगितलं. मामा ठसका लागेपर्यंत हसले. मला वाटलं, संपलं.

सातव्या दिवशी मंडळापुढे पाच-सहाशे माणसं. तलाठी झाला, कंडक्टर झाला, आणि मामांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

“मंडळी, आमचा एक भाचा पुण्याला शिकाय ठेवलाय. रातभर जागतोय. आमास्नी वाटलं अभ्यास करतोय. न्हाई. मग म्हणलं गेम खेळतोय. न्हाई! गेम दुसराच खेळतोय, ह्यो बघतोय!”

थांबले. कुठं थांबायचं ते त्यांना कळतं.

“म्हंजे कसं, पंगत बसलीया, गरम जिलबी आलीया, आन् आमचा भाचा खांबाला टेकून हुबा. का रं? तर म्हणतोय, तुमी खावा मामा, मी बघतो! माझं पोट भरतंय!”

आणि मग त्यांनी नुसती मान हलवून दाखवली. ताटातनं तोंडापर्यंत जाणारी जिलबी बघणारी मान. खाली, वर. खाली, वर. पाक गळला तेव्हा मान अर्ध्यात थांबली. विनोद किमेलचा होता, पण किमेलपेक्षा शंभर पटीने चांगला केला होता, हे मी आजही कबूल करतो. हॉटेलातलं ताट कुठं आणि पंगतीतली जिलबी कुठं.

माणसं लोळत होती. ते मला चाललं असतं. तिसऱ्या रांगेत आमचे वडील बसले होते. वडील मंडळाच्या कार्यक्रमात कधी हसत नाहीत, वर्गणीचा हिशेब मनात मांडत बसतात. ते चष्मा काढून डोळे पुसत होते. माझी फी ते भरत होते, मी रात्री काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आता पाचशे माणसांबरोबर त्यांना एकदमच कळलं. मी मागच्या मागं निघून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी एसटीत बसवताना त्यांनी हातात पाचशेची नोट दिली आणि म्हणाले, “जिलबी खा हं पुण्यात.” माया होती त्यात, हे आता कळतं. तेव्हा इस्लामपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो.

पुढची काही वर्षं गावात माझं नाव जिलबी. “काय जिलबी, कधी आलास?” लग्नाच्या पंगतीत मित्रांनी मला खांबाला टेकून उभा केला आणि फोटो काढले. अल्बममध्ये आहेत. बायकोने विचारलं, हे काय? मी म्हटलं, गावची पद्धत आहे.

मामांशी याच्यावरून मी एकदाच नीट भांडलो. ते दरवर्षी कुंडलच्या कुस्ती मैदानाला जातात. दुपारपासून बसतात, खिशात शेंगा, आणि हलगी कडाडली की उठून उभे राहतात. स्वतः जन्मात कधी लांग चढवलेली नाही. मी म्हटलं, मामा, तुम्ही काय करता तिथं? दुसरे खेळतात, तुम्ही बघता. ते म्हणाले, कुस्तीचं वेगळं आहे, त्यात कस लागतो. म्हटलं, कस पैलवानाचा लागतो, तुम्ही शेंगा खाता. म्हणाले, मला डाव कळतात. कोण हप्ते भरणार, कोण घिस्सा मारणार, ते मला खडाखडीतच दिसतं. मी म्हटलं, हेच! अगदी हेच! मलाही दिसतं! रोशनच्या खड्ड्यात पाच जण शिरले की काय होणार ते मला दिसतं! तर म्हणाले, “खड्ड्यात शिरलं की काय होतं ते कुणालाबी दिसतंय.” आणि पुन्हा सगळे हसले. या माणसाशी वाद घालून उपयोग नाही. शेवटी नेहमीचं वाक्य आलं, “तुला विनोद घेता येत न्हाई.”

या वाक्यावर माझा राग आहे. विनोद घेता येत नाही म्हणे. गेमर एकमेकांना जे बोलतात ते मामांनी ऐकलं तर माइक खाली ठेवतील. २०१९ च्या जानेवारीत ‘परीक्षा पे चर्चा’मध्ये एक आई मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार करत होती आणि पंतप्रधान म्हणाले, “ये पब्जीवाला है क्या?” सभागृह हसलं. चिडलं कोण? कुणी नाही. पब्जी खेळणाऱ्या पोरांनीच त्या वाक्याचे सगळ्यात जास्त मीम बनवले. अमेरिकेतलाच दुसरा टीव्हीवाला कॉनन ओब्रायन २०१२ पासून आपल्या शोमध्ये ‘क्लूलेस गेमर’ करत होता, म्हणजे स्वतः गेम खेळून दाखवत होता. बटणं कळत नाहीत, गोष्ट कळत नाही, अडकला की गेम बनवणाऱ्यालाच नावं ठेवतो. गेमर त्याच्यावर जीव टाकतात. २०१९ च्या डेथ स्ट्रँडिंग या गेममध्ये त्याचं पात्र आहे, त्याच्याकडून पाणमांजराची टोपी मिळते. आयर्लंडचा विनोदवीर दारा ओ ब्रीन म्हणतो की पुस्तक अवघड गेलं तर ते तुम्हाला पुढची पानं बंद करत नाही, गेम मात्र करतो, नीट खेळता येत नाही ना, मग पुढचं बघायचं नाही. रात्री तीनला गेममधल्या एकाच बॉसकडून, म्हणजे वाट अडवणाऱ्या दांडग्या शत्रूकडून, चाळीसदा मार खाल्लेला माणूस त्यावर रडेपर्यंत हसतो.

म्हणजे विनोद चालतो. बाहेरच्याने केलेलाही चालतो, कॉनन बाहेरचाच आहे. पण त्याने हातात कंट्रोलर धरलेला असतो, आणि फजिती त्याची स्वतःची होत असते. किमेलने पहिल्या खेपेला बघितलंच नव्हतं, नुसतं ‘बघतात’ एवढं ऐकलं होतं. तलाठ्याची नक्कल करायला मामा चावडीत तासन्‌तास बसले होते. माझी नक्कल करायला त्यांनी पाच मिनिटं तरी माझ्याशेजारी बसायला हवं होतं की नाही?

आता किमेलच्या बाजूने थोडं, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिलं. त्या कमेंटांमध्ये नुसता राग नव्हता. मरून जा म्हणणाऱ्या होत्या, घाण होत्या. आणि ते वर्ष कसं होतं बघा. २०१४ च्या ऑगस्टपासून गेमरगेटच्या नावाखाली गेम बनवणाऱ्या आणि गेमवर लिहिणाऱ्या बायकांना धमक्या जात होत्या, काहींना घर सोडावं लागलं. ‘आम्हाला कुणी समजून घेत नाही’ म्हणणारे आम्हीच, आणि त्यातलेच काही हे करणारे. त्यामुळे बाहेरच्याने गेमर म्हटल्यावर नाक मुरडलं तर त्याचं पूर्ण चुकलं असंही नाही. माझ्या कमेंटमध्ये धमकी नव्हती, पण ती छान होती असं मी बायकोला वाचून दाखवणार नाही. नंतर शोधली, सापडली नाही. बरं झालं.

तुमच्या भावाचं. जोक काय केलात ते तुम्ही लिहिलं नाही, पण कुणासमोर केलात ते आठवून बघा. एकट्यात केला असता तर चार दिवस धरून बसला नसता. माफी वगैरे मागत बसू नका, त्याला अजून अवघडल्यासारखं होईल. रात्री तो बघत बसला असेल तेव्हा शेजारी बसा आणि विचारा, हा कोण आणि तो का पळतोय. सांगायला लागला की थांबणार नाही, त्याची तयारी ठेवा. आणि त्याने सांगितलेलं सात दिवसांनी माइकवर नेऊ नका. हे विशेष करून सांगतोय.

मामा आता निवृत्त आहेत. २०२० च्या टाळेबंदीत बहिणीने त्यांना लुडो किंग घालून दिला, तिथून मोबाइल सुटला नाही. गुडघ्यामुळे कुंडलला जाणं होत नाही, कुस्त्या यूट्यूबवर लाइव्ह बघतात. आणि खाली कमेंटा करतात. मी पाहिल्या आहेत. कॅमेरा धरणाऱ्या पोराला जे बोललेत ते किमेललासुद्धा कुणी बोललं नसेल. मी गेलो तेव्हा पलंगावर बसून मान खाली-वर करत कुस्ती बघत होते. मी दारात खांबाला टेकून उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “बस की, जोड लागलीया चांगली.” बसलो. तासभर बघितली. जिलबीचं कुणीच काढलं नाही.

हे उत्तर बहीण त्यांना पाठवणारच आहे, म्हणून इथेच लिहून ठेवतो. मामा, मान तुमचीच होती, तशी कुणाला जमणार नाही. विनोद मात्र अमेरिकेचा होता आणि तो गावात मी आणला होता. पुढच्या वर्षी मंडळात सांगाल तेव्हा तेवढं नाव घ्या.